एका पाण्याचा पाहुणा

मुकुंदवाडीत खोली बघायला गेलो तेव्हा घरमालक काकासाहेबांनी माझी नोकरी, जात, लग्न यातलं काहीच विचारलं नाही. "अंघोळ किती बादल्यांत करता?" एवढंच विचारलं. मी अर्धी म्हणालो. खोली मिळाली.

अट एकच. नळ आठव्या दिवशी यायचा, म्हणून राहणार एकच माणूस. पाहुणा चालेल, पण एका पाण्याचा. पुढचा नळ आला की त्यानं निघायचं.

त्या उन्हाळ्यात सिल्लोडकडं आमच्या गावची विहीर आटली. माझ्या बापानं, अप्पानं, मेंढरं विकली, घराला कुलूप घातलं आणि काठी घेऊन माझ्याकडं आला; किल्ली माझ्या हवाली केली. मला त्याला आता कायमचं इथंच ठेवायचं होतं. मी काकासाहेबांपुढं गयावया सुरू करणार, तेवढ्यात अप्पानंच विचारलं, "किती दिवसांची बोली?"

"एका पाण्याची."

"ठरलं."

अप्पानं जन्मभर लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. ठरल्यापेक्षा एक रात्र जास्त कधी नाही. शब्द मोडला की पुढच्या साली रानात कोण घेतं?

मग नळाच्या दिवशी सकाळी अप्पा गाठोडं उचलून सिडको स्टँडवर जाऊन बसायचा आणि संध्याकाळी नवा पाहुणा होऊन परत यायचा.

"या पाव्हणं! कधी निघालात?" काकासाहेब विचारायचे.

"हे काय, आत्ताच."

दोघंही हसायचे नाहीत. असा तो सहा वेळा आला.

सातव्यांदा अप्पा गेला आणि नळ आलाच नाही. मी स्टँडवर गेलो.

"चल घरी."

"कुठल्या पाण्याचा पाव्हणा म्हणून येऊ?"

दुसऱ्या दिवशी काकासाहेबच म्हणाले, "आणा हो म्हाताऱ्याला. मला काय कळत नाय व्हय?"

अप्पा म्हणाला, "बोली त्याच्याशी झाली. त्यानं येऊन सांगावं."

काकासाहेबांनी चपला घातल्या. नळाकडं बघितलं. तेवढ्यात पाणी आलं तर मोटर कोण लावणार? मी लावतो म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांची किडनी मागितली. चपला काढल्या. "फोनवर बोलतो."

फोन घेऊन मी पुन्हा स्टँडवर. अप्पानं तो कानाला लावला, सगळं ऐकलं, परत दिला. "ह्यात कुणीबी बोलंल."

चौथ्या दिवशी नळ आता येतोच अशी बातमी गल्लीत फिरली, म्हणून मी कुठं गेलोच नाही. आला पाचव्या दिवशी पहाटे. ड्रम भरला आणि पळत स्टँड गाठला. बाक रिकामा.

"बाबा तो कल सुबा सिल्लोड की गाडी में बैठ गए," चहावाला म्हणाला. "बोले, इधर तीन रातां हो गए, किसी से बोली नई हुई."

गावात पाणी नव्हतं, मेंढरं नव्हती. घराला कुलूप होतं आणि त्याची किल्ली माझ्या खिशात होती.