कर जमिनीवर, घरावर नको

माझे थोरले भाऊ भगवंतराव, आमचे अण्णा, जामबागेतल्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. मी पंधरा वर्षांची असताना अफझलगंजच्या लायब्ररीतून परतताना ते एका बंद दुकानापुढे थांबले. म्हणाले, "मालक झोपा काढतोय, तरी जागेचा भाव वाढला. का? रस्ता सरकारने केला, बाजार लोकांनी भरवला. वाढ त्यांची. म्हणून कर जमिनीवर हवा, घरावर नको." पुढे शाळेत तीस वर्षं मी मुलींना हेच शिकवलं.

मेट्रो जवळ आली आणि काचीगुड्यात आमच्या गल्लीतली भाडी वाढली. दोन कुटुंबं शहराबाहेर गेली. शेजारच्या त्रिवेणीने शिवणकामाच्या कमाईतून वरची खोली बांधली, तर तिचाच घरकर वाढला. समोरचा अकरा नंबरचा प्लॉट मात्र वर्षानुवर्षं मोकळा. कचरा, डास, आणि कर नावापुरता. दर दिवाळीला अण्णांकडे गेले की मी त्या मालकाला शिव्या घालायची. अण्णा हसून विचारायचे, "काय म्हणतो तुझा जमीनदार?"

यंदा गल्लीतल्या बायकांनी मुन्सिपाल्टीसाठी अर्ज लिहिला: मोकळ्या प्लॉटांवर कर वाढवा, राहत्या घरांवरचा कमी करा. खाली गल्लीतल्या मोकळ्या प्लॉटांची यादी, पहिला अकरा नंबर. पहिली सही अण्णांची, असं मीच ठरवलं. तिथले दोन अधिकारी त्यांचे विद्यार्थी. नाव बघून तरी वाचतील.

मी अर्ज घेऊन त्यांच्या घरी गेले. अण्णांनी तो वाचला, चष्मा काढला.

"अकरा नंबर काढून टाक."

"का?"

"तुझ्या इंदुवहिनीच्या नावावर आहे तो. त्र्याण्णव सालापासून."

"तुम्हीच तर शिकवलंत, अण्णा."

"ते वर्गातलं गं, भारती. थोडं थांब, भाव अजून चढणार आहे. विकला की अमेयच्या शिक्षणाला देईन. तुझाच नातू ना?"

आत वहिनी कपबशा मांडत होत्या. त्या बाहेर आल्याच नाहीत.

बसमध्ये मी अमेयच्या फीचा विचार केला. खोटं कशाला सांगू.

त्रिवेणी मशीनवर होती. "सरांनी सही केली, अक्का?"

"नाही. अकरा नंबर त्यांचाच आहे."

तिने पाय थांबवला. "हौ? मग काढायचा का?"

"नक्को," मी म्हणाले. "पेन घे. मालकाचं नाव सांगते, ते त्याच्यापुढे लिही."