जनीच्या पत्रांचा शेवट

हिवाळ्यातलं कोवळं ऊन सातपूरच्या आमच्या पायरीवर आलं की जनी येऊन उकिडवी बसायची. तिच्या बोटांच्या भेगांत सिमेंट राखेसारखं वाळलेलं असायचं. ती बोटं गुडघ्यावर आपटत, भाकरी थापावी तसं एकेक वाक्य थापून ती माझ्यापुढं ठेवायची. पेठकडच्या डोंगरातली ती. भाताची कापणी उरकली की बांधकामावर पाट्या वाहायला नाशकात उतरायची आणि होळीला परत जायची. तिची एकुलती मुलगी सोनी तिकडं आश्रमशाळेत होती. नव्वदनंतरची ती वर्षं. दर रविवारी जनी पोस्टकार्ड आणायची आणि मी लिहायचे. मी चौथी शिकलेली, पण तिच्यापुढं पंडितच.

मजकूर नेहमीचा. पोटभर जेव, पोरींशी भांडू नको. मग ती थांबायची, मान वळवून पश्चिमेकडं बघायची. आणि मग शेवटचं वाक्य यायचं, दर रविवारी वेगळं. एकदाचं हे:

"लिवा काकू, हितं डोंगर नाय, मंग दीस कुठं बुडतो त्येच कळत नाय."

"असलं काय पत्रात लिहितात, जने?"

"नाय लिवत? चार बुकं शिकल्या आन् एवढं येत नाय तुमाला?"

"बरं बाई, लिहिते."

मी लिहायचे, 'बाकी सर्व ठीक. कळावे.' शाळेत शेवट असाच शिकवला होता, आणि अडाणी बाईचं बोलणं कागदावर बरं दिसत नाही, असं मला वाटायचं. "वाचा परत," ती म्हणायची. मी कार्डावर बोट फिरवत तिचं वाक्य तिला तोंडानं म्हणून दाखवायचे. ती खूश व्हायची. असे सात-आठ हिवाळे गेले.

मग एका पावसाळ्यात जनी गावीच तापानं गेली. काही वर्षांनी नर्सिंग शिकायला आलेली सोनी माझं घर शोधत आली. तिनं कार्डांचा गठ्ठा सोडला.

"काकू, आई घरी बोलायची ते दिवसभर कानात राहायचं. पत्रात मात्र शेवटी सगळीकडं हेच. मला वाटायचं, नाशकात गेली की आई मला विसरते."

प्रत्येक कार्डावर 'कळावे'खाली दोन बोटं जागा कोरी होती. जागा पुरली नाही, असंही म्हणायची सोय नव्हती. मी खरं ते सांगितलं.

सोनी रडली नाही. "मग काय म्हणायची, ते सांगा."

डोंगराचं वाक्य सांगितलं. तिनं ते त्या कोऱ्या जागेत लिहिलं आणि दुसरं कार्ड पुढं सरकवलं. मला आठवेना. तिसरं सरकवलं. एखादं जुळवून सांगावं असं मनात आलं, पण जनीच्या नावावर आणखी एक खोटं खपवायची हिंमत झाली नाही. थोड्या वेळानं तिनं गठ्ठा बांधला.

सोनी अजून सणावाराला येते. विचारत काही नाही, आणि तेच जास्त लागतं. गेलेल्या माणसाचा चेहरा पुसट व्हायला वर्षं लागतात. जनीचे शब्द घालवायला मला दर रविवारी दोन मिनिटं पुरली.