दोन निळे शर्ट

लाँड्रीवाल्या बाबांनी एकतीस वर्षांत पहिल्यांदाच दोन गिऱ्हाइकांचे शर्ट मिक्स अप केले आणि मुलीची नोंद शब्दकोशात गेली. आता असं काही झालंच नाही असं समजून पुढे वाचायचं. घरात सगळे तसंच समजतात.

मुलगी इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत नवी होती. तिथल्या मुख्य संपादकांना सगळे मागून 'पूर्णविराम' म्हणत, कारण त्यांच्यानंतर कोणी बोलत नसे. त्यांनी तिला पहिलीच स्वतंत्र नोंद दिली: 'मिक्स अप'. शुक्रवारपर्यंत जमली नाही तर ती दुसऱ्याकडे जाणार होती.

अर्थ तिने सोमवारीच काढले. एकाला दुसराच समजणं, वस्तूंची सरमिसळ करणं आणि नको त्या भानगडीत अडकणं. या तिसऱ्यात पुढे 'इन' लागतो. घोडं अडलं उदाहरणापाशी. कचेरीचा नियम होता की वाक्य खऱ्या माणसाच्या तोंडचं हवं आणि चिठ्ठीवर त्याचा व्यवसाय हवा. त्या वाक्याचं इंग्रजी भाषांतर कचेरी स्वतः करून घेई. पहिलं मावशीने दिलं, तिला जुळी आहेत. तिसरं काकांनी दिलं, ते सोसायटीच्या निवडणुकीत उभे होते. दुसऱ्यासाठी तिने बाबांना गाठलं.

बाबांनी इस्त्री उभी केली. "मी आजवर कोणाचे कपडे मिक्स अप केलेले नाहीत."

मुलीने हेच वाक्य चिठ्ठीवर लिहून नेलं. ती बघून पूर्णविराम म्हणाले, "जे घडलंच नाही, त्याचं उदाहरण कसं होईल?"

"अहो, पोरीसाठी एक शर्ट इकडचा तिकडे केलात तर काय आभाळ कोसळणार आहे?" आईने विचारलं.

"कोसळेल," बाबा म्हणाले.

ते कपड्यांवर खूणसुद्धा करत नसत. कॉलर चाचपली की माणूस कळायचा. बुधवारी मुलीने स्वतः पाहिलं: त्यांनी बँकेच्या वॉचमनचा आणि गाण्याच्या मास्तरांचा असे दोन निळे शर्ट समोर घेतले, कागदात बांधताना पुडक्यांची अदलाबदल केली आणि हात धुतले.

गुरुवारी दोघं तेच शर्ट घालून आले. मास्तरांच्या बाह्या बोटांपर्यंत लोंबत होत्या.

"हात आखडलेत हो माझे," ते म्हणाले. "वय झालं."

वॉचमनचं बटण लागत नव्हतं. "कालपासून एकच वेळ जेवतोय. शर्ट आटला म्हणावं तर तो तुमच्याकडचा."

मुलीची छाती फुगली आणि नोंद बुडाली. चूक झालीये असं म्हणायला कोणी तयारच नव्हतं.

शुक्रवारी सकाळी बाबा कडक इस्त्रीत कचेरीत आले. पूर्णविरामांच्या टेबलासमोर ताठ उभे राहिले आणि सत्काराला उत्तर द्यावं तशा आवाजात म्हणाले, "मी दोन शर्ट मिक्स अप केले."

"व्यवसाय?"

"लाँड्री. एकतीस वर्षं."

"माझे वडील," मुलीने सगळ्या कचेरीला सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं.

नोंद छापून आली. वॉचमन पुन्हा दोन वेळा जेवू लागला. बाबांनी प्रत विकत घेतली, त्या पानावर इस्त्री फिरवली आणि अर्ज लिहायला बसले:

'मा. मुख्य संपादक यांस. विषय: मिक्स अप, अर्थ दुसरा. सदर उदाहरणापुढे "मुद्दाम" हा शब्द घालण्यात यावा, तसेच आजवर विकल्या गेलेल्या सर्व प्रतींत तो घरोघरी जाऊन शाईने लिहून देण्यात यावा, ही विनंती.'