बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

शिवणकामाच्या त्या कारखान्यात सगळे तिला वहिनी म्हणायचे. काज-बटणाचं काम तिचं. तिच्या पत्र्याच्या डब्याला कोणी हात लावलेला तिला खपायचा नाही. लोक म्हणायचे, बाई बटणांच्या बाबतीत भलतीच चिक्कू! आता खरं सांगायचं तर डब्यात पांढऱ्या बटणांखाली आठवडाभराच्या पांढऱ्या गोळ्या असायच्या. सरकारी केंद्रातून फुकट मिळणाऱ्या, एचआयव्हीवरच्या. पर्समध्ये बाटली खुळखुळली की चार जणी विचारणार. बटणांचा डबा खुळखुळला तर कोण कशाला विचारतंय? नवरा गेल्यापासून सहा वर्षं ही शक्कल बिनबोभाट चालली होती.

घाबरायला कारण होतं. पूर्वी इथे एक इस्त्रीवाला होता. त्याला हा आजार आहे अशी नुसती कुजबुज झाली आणि कारखाना चालवणाऱ्या मास्तरने त्याला दुपारच्या आत घरचा रस्ता दाखवला. त्याचा पाण्याचा पेलासुद्धा फेकून दिला. तेव्हा नव्यानेच लागलेल्या वहिनीने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. हीच पाळी आपल्यावर आली तर घरी शाळेत जाणारी पोर आणि थकलेली आई, त्यांनी खायचं काय?

त्या दिवशी दवाखान्याच्या पांढऱ्या कोटांची घाई होती. बटणं कमी पडली. वहिनी हात धुवायला गेली तेवढ्यात मास्तरने तिचा डबा उचलून टेबलावर सरळ उपडा केला. ती परत येते तो काय, मास्तर चष्मा कपाळावर चढवून एक गोळी उजेडात धरून बघतोय.

"वहिनी, हे कसलं गं बटण? भोकं पाडायलाच विसरले की काय?"

बाह्या लावणारी मावशी खिदळली. थाप मारायचीच तर पित्त होतं, डोकेदुखी होती. पण सहा वर्षांच्या लपवालपवीचा तिला एकाएकी असा वीट आला की बस्स.

"बटण नाही ते, औषध आहे. इस्त्रीवाल्याला होता ना, तोच आजार मला आहे. सांगा आता, उद्यापासून येऊ नकोस म्हणून."

एकेक मशीन थांबलं. "अगं बाई!" मावशी किंचाळली. "मी रोज हिच्या डब्यातलं जेवते!"

"म्हणून तर बाळसं धरलंयस," मास्तर खेकसला. "जेवणाने होत नाही तो."

मग तो वहिनीकडे बघेना. उठून त्याने खिळ्याला टांगलेले, कापड बेतायचे पुठ्ठ्याचे नमुने काढले, खिसा, कॉलर, कफ, आणि उलटे करून टेबलावर मांडले. मागे छापील अक्षरं होती.

"तीन वर्षांपूर्वी कामगार खात्याचा माणूस हा पुठ्ठा देऊन गेला. दर्शनी भिंतीवर लावा म्हणाला. मी वाचला आणि मला इस्त्रीवाला आठवला. रोज ते डोळ्यांसमोर नको वाटलं. लाज वाटली गं मला. पुठ्ठा चांगला जाड होता, टाकला कापून."

"सरकारी फर्मानाची कॉलर केलीत? धन्य आहे!" मावशी म्हणाली.

खिशावर होतं ‘कामगार खात्याचा नियम’. कॉलरवर ‘एचआयव्ही असल्याच्या कारणावरून’. कफावर ‘कोणालाही कामावरून’. त्यापुढे टेबल रिकामं.

"पुढचं कुठंय?" वहिनीने विचारलं.

"तुझ्याकडे. काजाची पट्टी."

काजांच्या खुणा करायची ती पट्टी तीन वर्षं तिच्या हातात होती. पट्टीच्या मागचं ‘काढता येणार नाही’ तिने हजारदा पाहिलं होतं आणि असेल कुठल्या तरी दुकानाची पाटी म्हणून सोडून दिलं होतं. तिने पट्टी कफाखाली ठेवली. सबंध वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं, मोठ्याने. मग मटकन खाली बसली आणि रडता रडता हसायला लागली. इतकं हायसं तिला सहा वर्षांत वाटलं नव्हतं.

"रड नंतर," मावशी म्हणाली आणि तिच्याशेजारी बसून बटणांतून गोळ्या निवडायला लागली. "एखादी कोटाला शिवून बसू, म्हणजे दवाखान्यात परत!"

मास्तरने स्वतःच्या पेल्यातून पाणी आणलं. "गोळी घे आधी. आणि त्याचं घर माहीत आहे मला, इस्त्रीवाल्याचं. संध्याकाळी जातो. कुठल्या तोंडाने जायचं ते कळत नाही, पण जातो." पेला तिच्या हातात देऊन तो नमुने गोळा करायला लागला. "हे आजच भिंतीवर लावतो."

"लावा. पण पट्टी मिळायची नाही हं. चाळीस कोटांची काजं राहिलीत माझी."

मास्तरने खिसा, कॉलर आणि कफ भिंतीवर डकवले. मग कापडावर खुणा करायचा खडू घेतला आणि खाली मोठ्या अक्षरांत स्वतःच्या हाताने लिहिलं, काढता येणार नाही.