शेजारच्या सीटचा ब्रेक

गाडी बापाची आणि बोलत होता मुलगा. अशा वेळी माझं डोकं फिरतं. वीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगची कामं करतेय, त्यात एवढं कळलंय की दुखणं ज्याचं त्याच्याच तोंडून ऐकावं.

"बाबा म्हणतात, मीटरचे दिवे लुकलुकतात," मुलगा म्हणाला. "मी तीन वेळा शेजारी बसून पाहिलं. काही होत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे उत्तम सांगितलेत. म्हणजे..." पुढचं त्यानं कपाळाला बोट लावून सांगितलं. बाप दोन पावलांवर उभा राहून ते बघत होता.

बाप म्हणजे चित्रकलेचे निवृत्त मास्तर. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन्सिल. मी मुलाकडे पाठ केली. "मास्तर, तुम्ही सांगा."

"एकटा असलो की होतं. दिवे फडफडतात, काटे खाली पडतात, परत उठतात. चार महिने झाले. हिला भेटायला जातो तेव्हा."

मास्तरांच्या बायकोची उजवी बाजू लुळी पडली होती. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एका सेवाकेंद्रात तिला ठेवलं होतं. तिकडे सरळ बस नाही. मास्तर रोज चारला निघायचे, तिला चार घास भरवायचे आणि सातला परत यायचे. चार महिन्यांत ती एक शब्द बोलली नव्हती. व्यायाम घ्यायला बाई आली की भिंतीकडे तोंड करायची.

मुलाचं ठरलं होतं. आज गाडीत दोष निघाला नाही, तर किल्ली त्याच्या खिशात. "दर रविवारी मी नेईन ना त्यांना," तो म्हणाला.

"रविवार आठवड्यातून एकदाच येतो," मास्तर म्हणाले.

मुलगा फोनवर बोलायला बाहेर गेला तसे ते जवळ आले. "ताई, मन राखायला काही सांगू नका. बिघाड माझ्यातच असेल तर तसं सांगा."

आता हे ऐकून कोणाला चैन पडेल? मी बॅटरीची टोकं घासली, चार्जिंग मोजलं, एकेक फ्यूज काढून पाहिला. दिव्यांचा उजेड कमी-जास्त करायची कळ तपासली. शेवटी मीटरच बाहेर काढून त्याच्या मागच्या वायरी हलवून पाहिल्या. दीड तास गेला. सगळं ठाकठीक! इतका राग आला की पक्कड आपटली. मुलगा घड्याळ बघत होता आणि मास्तर माझ्याकडे.

"चला, एक चक्कर मारू," मी म्हटलं. हेडलाइट लावून मास्तरांना चालवायला बसवलं. मी शेजारी, मुलगा मागे. एक फेरी झाली, दोन झाल्या. दिवे जागचे हलले नाहीत. मागून मुलानं सुस्कारा टाकला. मास्तरांचे कान लाल झाले.

तेवढ्यात वळणावर दुधाची गाडी उलट्या बाजूनं समोर आली. मास्तरांनी ब्रेक दाबला आणि मीही दाबला. माझ्या बाजूला ब्रेक नाही हो! उजवा पाय मी खालच्या चटईवर रोवला होता, आणि तो आत्ताच नाही, निघाल्यापासूनच रोवला होता. दुसऱ्याच्या हातात गाडी असली की माझा जीव टांगणीला लागतो, त्याचा हा प्रताप. स्वतःचीच लाज वाटून मी दोन्ही पाय वर सीटवर घेतले.

पन्नास पावलं गेलो असू. दिवे फडफडले. काटा धप्पकन पडला.

"बघितलंत?" मास्तर ओरडले. "बघितलंत ना?"

मी पाय दाबला, दिवे स्थिर. उचलला, फडफड. पुन्हा दाबला, पुन्हा उचलला. मुलगा मागून वाकून माझ्या पायाकडे बघायला लागला.

गॅरेजमध्ये आल्यावर चटई उचलली. टाचेखाली ती झिजून तिला रुपयाएवढं भोक पडलं होतं. दाराच्या रबरातून पाणी झिरपून खालचा पत्रा गंजला होता, आणि मीटरच्या अर्थिंगची वायर पत्र्याला आवळून धरणारा बोल्ट त्याच गंजात सैल झाला होता. वर पाय पडला की वायर पत्र्याला टेकायची. पाय निघाला की चालत्या गाडीच्या धक्क्यांनी सुटायची.

मास्तर त्या भोकाकडे बघत राहिले. "हिची टाच," ते म्हणाले. "चौदा वर्षं इथं बसून ब्रेक दाबायची. मी चारचौघांत थट्टा करायचो, आमची गाडी दोघं चालवतात म्हणून."

"मीही दाबत होतो, बाबा," मुलगा खाली बघत म्हणाला. "तिन्ही वेळा."

"माहीत आहे. तोंड दिसत होतं तुझं."

गंज घासला, नवा बोल्ट लावला, वायरीला नवं टोक बसवलं. मग मास्तरांना एकट्यालाच फेरी मारायला पाठवलं. परत आले ते मान ताठ करून. मुलगा खिडकीशी गेला. मला वाटलं, आता माफी मागेल. तो एवढंच म्हणाला, "चार वाजत आले, बाबा. निघा. आई वाट बघत असेल."

माफीपेक्षा मला तेच जास्त आवडलं. कबूल करते.

"ती जुनी चटई टाकू नका," मास्तर म्हणाले. "मला हवीय."

आठवड्यानं ते दाराचं रबर बदलायला आले. "दिवे कसे आहेत?" मी विचारलं.

"दिव्यांना काय धाड भरलीय!" म्हणाले आणि घुटमळले. मग सांगायला लागले. बायकोला खुर्चीत बसवून त्यांनी ती चटई तिच्या पायांखाली पसरली होती. शेजारी दुसरी खुर्ची ओढून सगळी हकिकत सांगितली, थट्टेबद्दल कान पकडले. ती भिंतीकडेच बघत होती. "मग मी हवेतलं स्टिअरिंग धरलं आणि वळण घेतलं. जोरात."

माझ्या हातातला पाना तसाच राहिला. "पाय हलला?"

"उजवा नाही. डावा." त्यांनी रुमाल काढला. "चांगला दाबला. आणि म्हणाली, 'हळू चालवा.'"