उन्हात अडणारी लेन्स

तोयोहाशीच्या जुन्या किल्ल्याच्या खंदकाकाठी हिवाळ्यात रोज सकाळी दहा-बारा म्हातारी माणसं तिकाट्यावर कॅमेरे लावून बसतात. सगळी खंड्या पक्ष्यासाठी. त्यांत बाई एकच, हिसाए मुरोई. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांनी मुलांसाठी भाताची भांडी उचलली होती. ऐन नोकरीत, एका वर्षीच्या बोनसमधून त्यांनी लांबचं टिपणारी एक मोठी लेन्स घेतली. कॅमेरा एका कंपनीचा आणि लेन्स दुसऱ्याच कंपनीची. कॅमेऱ्याच्या कंपनीची लेन्स तिप्पट महाग होती, आणि या लेन्सनं सत्तावीस वर्षं कधी कुरकुर केली नाही.

या हिवाळ्यात रोलचा जुना कॅमेरा बंद पडला. दुरुस्त करणारा कुणी मिळेना, तेव्हा हिसाएंनी त्याच कंपनीचा नवा डिजिटल कॅमेरा आणला. जुनी लेन्स त्यावर टक्कन बसली. त्यांचा जीव भांड्यात पडला.

पहिल्या दिवशी उजाडता उजाडता खंड्या वाळक्या फांदीवर येऊन बसला. फोटो सुरेख आले. नऊच्या सुमारास ऊन वर आलं, त्यांनी बटण दाबलं आणि कॅमेरा अडला. पडद्यावर सूचना आली: बंद करून पुन्हा सुरू करा. त्यांनी केलं. एक फोटो, की पुन्हा तेच. घरी येऊन स्वयंपाकघरात मिसोच्या बरणीचा फोटो काढून पाहिला, तर कॅमेरा अगदी शहाण्यासारखा चालला.

दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशीही तसंच. चौथ्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, तर दुपारपर्यंत एकदाही अडला नाही. हिसाए बुचकळ्यात पडल्या. हे यंत्र उन्हाला भितं की काय? पाचव्या दिवशी त्यांनी लेन्सला ओला टॉवेल गुंडाळला आणि वर छत्री धरली. खंदकावर बर्फाळ वारा होता, बोटं गारठली होती, आणि कॅमेरा तरीही अडतच होता.

शेजारी बसणारे ओकिता-सान रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांची लेन्स कॅमेऱ्याच्याच कंपनीची, आणि हे ते कुणाला विसरू द्यायचे नाहीत. त्यांनी छत्रीकडे बराच वेळ पाहिलं.

"मुरोई-सान, फेब्रुवारीत ऊन लागलेला कॅमेरा मी पहिल्यांदा बघतोय."

"हसा तुम्ही. पण मग हा आभाळ आलं की का चालतो, ते सांगा."

ओकिता-सान उपाय सांगू लागले. आधी म्हणाले, लेन्स कॅमेऱ्याला जोडते तिथली पितळी टोकं खोडरबरानं पुसा. पुसली. मग म्हणाले, बॅटरी बदला. बदलली. शेवटी म्हणाले की सावत्र लेन्स आहे, तिच्याकडून किती अपेक्षा ठेवायची.

हिसाए कॅमेऱ्याच्या कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात गेल्या. तिथल्या माणसानं आपली लेन्स लावून खिडकीतल्या उन्हात पन्नास फोटो काढून दाखवले, कॅमेऱ्यात दोष नाही असं नम्रपणे सांगितलं आणि दारापर्यंत येऊन वाकून निरोप दिला. मग त्यांनी लेन्सच्या कंपनीला फोन लावला. तिथली मुलगी त्याहून नम्र. पूर्वी आम्ही आतली चिप बदलून द्यायचो, म्हणाली, पण तो भाग संपून कैक वर्षं झाली. लेन्स मात्र चांगली असणार. दोघंही इतकं गोड बोलले की खडे फोडावेत तर कुणाच्या नावानं, हेच हिसाएंना कळेना.

बाजारगल्लीत जुन्या कॅमेऱ्यांचं एक दुकान होतं. ते चिनात्सु नावाची तिशीतली बाई चालवायची. तिनं सगळं ऐकून घेतलं, छत्रीपर्यंतचं. मग दुकानाबाहेरच्या उन्हात उभी राहून तिनं कॅमेऱ्याची चकती एकेक घर फिरवत फोटो काढले. एका घरावर फोटो निघाला. पुढच्या घरावर अडला. मागं आणली, निघाला.

"उन्हाचा काही संबंध नाही, मुरोई-सान," ती म्हणाली. "लेन्सच्या आत पाती असतात ना, प्रकाश कमी-जास्त करायला? उजेड कमी असला की तुमचा कॅमेरा ती पूर्ण उघडीच ठेवतो, लेन्सला काही सांगतच नाही. ऊन आलं की तो म्हणतो, पाती जरा मीट. पण म्हणतो नव्या बोलीत. हिला जुनीच येते. ही गप्प, म्हणून तोही अडून बसतो."

"म्हणजे बिघडलंय कोण? लेन्स?"

"नाही."

"कॅमेरा?"

"तोही नाही."

"मग इतके दिवस माझं काय बिघडलं होतं?"

चिनात्सुला हसू आवरेना. तिनं कपाटातली एक अलीकडची, वापरलेली लेन्सही दाखवली. हिसाएंनी ती हातात तोलली, काच उजेडाकडे धरून पाहिली आणि परत दिली. तेव्हा चिनात्सुनं चकती पूर्ण उघड्या पात्यांच्या घरावर आणली आणि ती तिथून हलवू नका म्हणाली. ऊन वाढलं तर कॅमेरा फोटो अधिक झटपट घेईल, एवढंच. मात्र पाती पूर्ण उघडी असली की एकाच अंतरावरचं स्पष्ट येतं, म्हणून चोच नेमकी आली तर शेपूट धूसर येईल, हे चालवून घ्यावं लागेल.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन होतं. साडेदहाला खंड्यानं पाण्यात सूर मारला आणि मासा घेऊन वर आला. हिसाएंनी बटण दाबून धरलं. कॅमेरा एकदाही अडला नाही. फोटोत चोच, मासा, उडालेले थेंब स्वच्छ होते. शेपटीच्या जागी नुसता निळा धूर.

ओकिता-सान उठून बघायला आले. फोटो पुन्हा पुन्हा पाहिला. मग त्यांनी विचारलं, दुरुस्त कुणी केलं?

"दुरुस्त नाही केलं. बिघडलंच नव्हतं."

"मग परवा काय झालं होतं?"

हिसाएंनी पाती, चकती, नवी बोली, जुनी बोली असं सगळं सांगायला घेतलं. निम्म्यावर त्यांचाच गोंधळ उडाला: पाती उन्हात मिटतात, की मिटायला सांगितली तरी मिटत नाहीत? ओकिता-सान मान हलवत होते, पण त्यांनाही काही उमगलं नसावं. तेवढ्यात पलीकडच्या दगडावर खंड्या पुन्हा येऊन बसला, आणि दोघंही बोलणं तिथंच टाकून आपापल्या कॅमेऱ्याकडे वळले.