रानातली हळद

एप्रिल सरत आला तेव्हा अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातलं बर्फ एकदाचं वितळलं आणि उल्हासच्या आई घराबाहेर पडल्या. नागपूरहून आल्यापासून त्यांनी सगळा हिवाळा काचेआड काढला होता. घरामागच्या झाडीत पांढरी फुलं आली होती. त्यांनी एक रोप उपटून पाहिलं, तर खाली बोटाएवढा कंद, आणि मोडल्यावर आत लालभडक. त्यांना वाटलं, ही इथली हळदच.

त्याच आठवड्यात उल्हास पायरीवरून घसरला. घोटा सुजला, खरचटलाही. त्याची बायको मालिनी हॉस्पिटलमध्ये रेसिडेंट डॉक्टर होती, ती ड्यूटीवर. आईंनी कंद वाटून, गरम करून घोट्यावर जाड लेप दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालिनी घरी आली ती फक्त झोपायचं म्हणून. उल्हास सोफ्यावर दात आवळून बसला होता. झोंबतंय म्हणाला, पण आईला बोलू नकोस, इतक्या दिवसांनी तिला काही करायला मिळालंय. मालिनीनं लेपावर बांधलेलं फडकं सोडलं. खरचटलेल्या जागेची कातडी काळी पडली होती.

तिनं जखम धुतली, उल्हासला विचारून मागच्या झाडीतलं रोप पाहून आली आणि विषबाधेच्या हेल्पलाइनला फोन लावला. देठाला गुंडाळलेलं पान, पांढरं फूल, लाल रस, असं सगळं वर्णन केलं. पलीकडची बाई म्हणाली, ब्लडरूट असावं, अफूच्या कुळातलं. रस कातडी जाळतो, पोटात जाता कामा नये.

मालिनी स्वयंपाकघरात गेली.

"आई, कुणाच्या पोटात गेलं का ते?"

"दुधात घालणार होते. वास निराळा आला, म्हणून नाही घातलं." आईंची बोटं अजून केशरी होती. "तू दमून येतेस. म्हटलं, एवढं तरी आपण करावं."

मालिनीला रागवायचं होतं. पण तेवढं त्राण नव्हतं. ती तिथंच खाली बसली.

जखम भरायला जुलै उजाडला. तोवर आई कशालाच आपणहून हात लावीनात. मालिनी दारात आली की विचारायच्या, वरणात काय घालू, भात किती लावू. उत्तरं देतादेता मालिनी आणखी थकायची. ऑगस्टमध्ये आई म्हणाल्या, आता जाते. राहा म्हणायला हवं होतं, हे मालिनीला कळत होतं. तिनं तिकिटाचं पाहायला घेतलं.

एअरपोर्टवर मात्र तिनं त्यांचा हात धरला.

"परत याल ना?"

"बोलावलंस तर येईन."

"बोलावीन," मालिनी म्हणाली. आईंनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि त्या रांगेत उभ्या राहिल्या.